माझी बिनआवाजाची सवत

मी मागच्या अंगणातून बोलतेय. हो, तीच, कोपऱ्यात पत्र्याखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल. उंच, सडपातळ, जाड दातांच्या टायरची. चिखलातून आणि दगडधोंड्यांतून पळण्यासाठी मला घडवलं. माझं इंजिन दोन स्ट्रोकचं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून दिलं तरच मला पचतं, आणि बोलताना तोंडातून निळसर धूर निघतो. मला बटण नाही. किक मारल्याशिवाय मी सुरू होत नाही, आणि किक मारली तरी होईनच असं नाही. लोक याला हट्टीपणा म्हणतात. मी स्वभाव म्हणते.

माझा पहिला मालक मला शर्यतीत पळवायचा. जिंकला की टाकीवर थाप, हरला की चाकावर लाथ. एकदा वळणावर आम्ही दोघं आपटलो, त्याचा खांदा निखळला, आणि मी एका गॅरेजच्या दारात ‘विकणे आहे’ची पाटी गळ्यात घालून उभी राहिले.

तिथे मला लाइनमनने पाहिलं. विजेच्या तारा सांभाळणं हे त्याचं काम. खांब कुठे शेतात, कुठे टेकडीवर, कुठे ओढ्यापलीकडे. रस्ता संपायचा तिथून त्याची हद्द सुरू व्हायची. गॅरेजवाला किक मारून मारून घामाघूम झाला होता.

“द्या इकडे,” लाइनमन म्हणाला. “तिला विचारून तरी बघू.”

त्याने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला. मग कुणी करत नाही ते केलं. रेसच्या मुठीवरचा हात काढून माझ्या टाकीवर ठेवला. किक हळूच दाबत नेली, पायाला वजन लागलं तिथे थांबला, किक परत वर येऊ दिली, आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच. मी सुरू झाले. त्या दिवसापासून मी त्याची.

पण त्याच्या घरात एक बाई आधीच होती. नुकतंच लग्न झालं होतं त्यांचं. ती कपडे शिवायची. तिचं पायमशीन मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीला लागून. सकाळी तो मला सुरू करायला आला की तिचं मशीन थांबायचं. मला वाटायचं, माझा आवाज तिला सोसत नाही. वाटून मला बरंही वाटायचं.

“अहो, सवतीला गोंजारून झालं असेल तर जेवायला बसा.”

“अगं, प्लग ओला झाला होता.”

“मग वाळवा ना माझ्या गॅसवर! दुधाच्या पातेल्याला सांगते जरा सरकून बस.”

सवत म्हटल्यावर मला राग यायला हवा होता. मला मात्र नवा रंग लावल्यासारखं व्हायचं. ती त्याला ‘अहो’ म्हणायची. मीही मनातल्या मनात म्हणून बघायचे. रात्री तो आत आणि मी बाहेर, हे मात्र मला कधीच पटलं नाही.

संध्याकाळी परतताना आमची एक रीत होती. गल्लीच्या तोंडाशी तो कॉक बंद करायचा. कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपत यायचं, माझा आवाज बारीक व्हायचा आणि बरोबर दारात येऊन मी गप्प व्हायचे. रात्रभर पेट्रोल झिरपून इंजिन भरून जाऊ नये म्हणून ही काळजी. मला तो आमच्या दोघांतला खाजगी निरोप वाटायचा. तेवढ्यात आत चहाचं आधण ठेवल्याचा आवाज यायचा. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातही आलं नाही.

अशीच वर्षं गेली. मुलगी झाली, शिकली, नोकरीला लागली. लाइनमन निवृत्त झाला. खांबांवर चढून आणि मला किका मारून त्याचा उजवा गुडघा पार झिजला होता. शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चाला, फिरा, पुढे गाडीही चालवा, पण किक मारायची नाही. झटका बसला तर पुन्हा टेबलावर.

आणि मग ती आली.

मुलीने आईसाठी विजेवर चालणारी स्कूटर आणली. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायला. दुधासारखी पांढरी, गोलमटोल. रात्री भिंतीला नळी लावून पीत बसते. बटण दाबलं की निघाली. ना धूर, ना थरथर, ना तोंडातून शब्द. अशी कशी ही? राग आला तर कळणार कसं? माझी जुनी जागा, अंगणालगतच्या व्हरांड्यातली, तिला मिळाली आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात ढकललं.

तेही मी गिळलं असतं. पण बाईने तिला कव्हर शिवलं. चांगल्या जाड कापडाचं, अंगाला बेतलेलं, कडेने लाल किनार. माझ्या अंगावर फाटकी चादर होती, वाऱ्याने रोज उडायची. आणि लाइनमन, माझा लाइनमन, दर दोन दिवसांनी तिच्या मागच्या सीटवर बसून गुडघ्याच्या व्यायामाला जायचा! परत येताना दोघं हसत यायची. मी तिकडे बघायची नाही. म्हणजे एकाच आरशातून बघायचे.

एक दिवस मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही चोरून किक मारणार. मी ओळखते तुम्हाला. गाडी विकून टाका.”

त्याने माझी उडालेली चादर नीट केली. मग म्हणाला, “विकतो. पण जो स्वतः किक मारून सुरू करेल, त्याचीच ती.”

“म्हणजे स्वयंवरच की!” मुलगी हसली. बाई हसली नाही. ती नुसती नवऱ्याकडे बघत राहिली.

पहिला आला तो व्यायामशाळेतला. दंड असे की शर्टाची कीव यावी.

“कॉक, चोक सगळं तयार आहे,” लाइनमन स्टुलावर बसून म्हणाला. “तुम्ही फक्त किक मारा.”

मी चमकले. कॉक बंद होता! इंजिनापर्यंत पेट्रोलचा थेंब पोचत नव्हता. उपाशीपोटी कोण गाणार? तो गडी मूठ पिळून पिळून किका मारत सुटला. शेवटी त्याचा पाय सटकला, किक उसळून नडगीवर बसली, आणि तो लंगडत गेला.

दुसरा फोनवर गाड्यांचे व्हिडिओ दाखवणारा. माझा अख्खा वंश त्याला पाठ. लाइनमनलाच माझी माहिती देत होता. “कॉक बघू का?” असं त्याने विचारलंही, पण लाइनमन म्हणाला, “बघितलाय मी.” आणि कॉक तसाच बंद. घामाने त्याचा फोन ओला झाला, मी कोरडी.

तेव्हा माझ्या मनाने घेतलं, हा मला विसरला. ज्याच्या हाताला माझा प्रत्येक नट माहीत, तो साधा कॉक उघडायला विसरतो? बटणाच्या सवतीने त्याच्या हातातून मला पुसून टाकलं. त्या दिवशी मी व्हरांड्यातल्या पांढऱ्या सवतीकडे असं बघितलं, की तिच्यात थोडीतरी लाज असती तर तिचा दिवा फुटला असता.

मग आला एक हॉटेलवाला. त्याने किककडे बघितलंही नाही. टेपने माझी लांबी मोजली.

“सुरू होत नाही ना? उत्तम. म्हणजे तेल गळणार नाही. हॉटेलच्या भिंतीला टांगणार मी. खाली दिवे लावणार. लोक फोटो काढतील.”

“पण अट अशी आहे...” लाइनमन अडखळला.

“अहो काका, कुणालाच सुरू करता येत नाही, तर अट कसली? नाहीतर भंगारात जाईल.”

मुलगी म्हणाली, “बाबा, निदान नीट राहील तरी.” लाइनमनने मान खाली घातली. म्हणजे ठरलंच. चाकं जमिनीला न टेकता उरलेला जन्म काढायचा.

खिडकीतलं मशीन थांबलं. बाई गळ्यात टेप अडकवलेली तशीच बाहेर आली.

“भिंतीला टांगायला ती काय हरणाचं मुंडकं आहे?” असं म्हणत ती माझ्याजवळ वाकली, टाकीखाली हात घातला, आणि थांबली.

“कॉक बंद आहे, अहो.”

“हो का?” लाइनमन पत्र्यातले खिळे बघू लागला.

“मागच्या दोघांच्या वेळीही बंदच होता?”

“सवय गं. घरी आलं की बंद करायची सवय.”

“गाडी ऑपरेशनपासून अंगणाबाहेर गेलेली नाही. घरी आली कुठून?”

लाइनमनचे कान लाल झाले. आणि मला, इतक्या जवळ उभी असलेल्या मला, तेव्हा कुठे कळलं. तो विसरला नव्हता. तो मला उपाशी ठेवून घरात ठेवत होता.

“प्लग काढून द्या,” बाई म्हणाली.

“तू काय करणार?”

“स्वयंपाक! द्या म्हणते ना.”

तिने प्लग चिमट्यात धरून गॅसवर तापवून आणला, त्याने तो बसवला. तिने कॉक उघडला, चोक ओढला, चपला काढल्या आणि व्हरांड्यातले लाइनमनचे बूट पायात चढवले.

“आई, तू?” मुलगी ओरडली.

“का? आयुष्यभर पायमशीन चालवलंय. मशीन कुठे अडलंय ते माझ्या पायाला कळतं.”

खरं सांगते, मी ठरवलं होतं, हिच्या पायाने जागी व्हायचं नाही. भिंतीला लटकेन, पण हिचं ऐकणार नाही. तिने पहिली किक मारली. मी गप्प. दुसरीला नुसती खोकले.

मग तिने रेसच्या मुठीवरचा हात काढला आणि माझ्या टाकीवर ठेवला.

हे तिला कुणी दाखवलं? ती तर कधी अंगणात उभी राहून बघत नव्हती. तिने किक हळूच दाबली, वजन लागलं तिथे थांबली, डोळे मिटले. ती ऐकत होती. तेव्हा मला ती खिडकी आठवली. रोज सकाळी थांबणारं मशीन, आणि त्यामागून बघणारी ती. संध्याकाळी मी दारात गप्प झाले की आत चढणारं आधण. विजेच्या तारांवर काम करणारा नवरा. मी निघाले म्हणजे तो कामावर गेला, आणि मी दारात गप्प झाले म्हणजे तो आज धडधाकट परत आला. माझा आवाज सर्वांत जास्त कुणी ऐकला असेल तर तो तिने.

किक वर आली, आणि मग तिने सगळा भार टाकला.

मी अशी ओरडले की हॉटेलवाल्याच्या हातातला टेप सर्रकन मिटला. अंगणभर निळा धूर झाला. लाइनमन स्टुलावरून उठून उभा राहिला होता. डोळे धुराने चुरचुरतायत असं म्हणत पुसत होता.

“जो सुरू करेल त्याची, असंच ठरलं होतं ना?” बाई माझ्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. “झालं तर मग. गाडी माझी. आणि मला माझी सवत विकायची नाही.”

आता मी तिची आहे. आठवड्याच्या सुट्टीला ती बूट घालून मला जागी करते, मग लाइनमन मला ओढ्यापर्यंत हळूहळू नेतो. परतताना गल्लीच्या तोंडाशी कॉक बंद करतो. मी दारात गप्प होते, आत आधण चढतं. तो निरोप दोघांतला नव्हता, तिघांतला होता, हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

तुमच्याही घरात कोपऱ्यात माझ्यासारखी कुणी अडून बसलेली असेल, तर तिला भंगारात काढण्याआधी एकदा वाकून बघा. कॉक बंद असेल. तोही कुणीतरी मुद्दाम केला असेल.

मत्सर गेला का म्हणाल, तर नाही. ती पांढरी अजून व्हरांड्यातच असते. पण परवा बाईने मलाही कव्हर शिवलं. लाइनमनच्या जुन्या खाकी वर्दीचं. किनार नाही त्याला, मी नीट पाहिलं. पण पँटचे खिसे तिने तसेच ठेवलेत, आणि एका खिशात लाइनमनने माझा जादा प्लग ठेवलाय.

तिच्या कव्हरला खिसा नाही.