मुलाण्याची सुरी, सुनेच्या हाती

होय मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, आणि तीही कोंबड्या कापणारी. मुरडलंत ना नाक? मुरडा, मुरडा! तुमच्यातले निम्मे जण रविवारी वाटी वाटी रस्सा वरपतात आणि मला पाहिलं की "ई" करून तोंड फिरवतात. मला माझ्या कामाची काडीचीही लाज वाटत नाही. माझ्या पात्याखाली गेलेल्या कोंबड्यांना कधी हाल सोसावे लागले नाहीत. एकीला मात्र लागले. तिचंही सांगणार आहे, कारण लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

माझा जन्म जालना रोडच्या कडेचा. तिथं घिसाड्यांची पालं पडली होती. एका मोडक्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा त्यांनी भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून मला घडवलं. मूठ बाभळीची बसवली. मला घेऊन गेला तो कमरोद्दीन, शेंद्र्याचा मुलाणी. गावात कुणाच्याही घरी कोंबडं-बकरं कापायचं असलं की मुलाण्याला बोलावतात. घर मुसलमानाचं असो की हिंदूचं, आखाड असो की जावयाचा पाहुणचार, निरोप कमरोद्दीनकडेच यायचा.

म्हातारा मोठा कडक होता. नवी सून हसीना घरात आली तेव्हा बिचारीनं नकळत मला कांदा चिरायला घेतलं. केवढा ओरडला तिच्यावर! "ती जिवाची सुरी हाय बेटा, भाजीची नाय!" धार लावायची ती आदल्या दिवशी, घरामागं, कोंबडीच्या नजरेआड. कापण्याआधी माझं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचं. घसरलं तर पुन्हा दगडावर घासायचं, रुतलं तरच पुढचं काम. कोंबडीला अंगणभर पळवून धरलेलं त्याला खपत नसे. डाल्याखालून अलगद काढायची, काखेत घ्यायची, पाणी पाजायचं. दुसऱ्या कोंबडीसमोर कापायचं तर नावच नको. मग अल्लाचं नाव आणि एकच फेरा. ती पूर्ण निपचित होईपर्यंत तो हात काढत नसे. कुणी गरम पाण्याची घाई केली की म्हणायचा, "तुमच्या भुकेला दम धरवंना व्हय?"

शेजारच्या सारजाबाई त्याला भाऊ मानायच्या. त्या सगळ्या गल्लीत सांगत फिरायच्या, "आमच्या कमरूभाऊचा हात असा, की कोंबडीला कळत बी नाय!" हे ऐकून म्हातारा फुगायचा. खोटं कशाला बोलू, मीही फुगायचे.

पुढं त्याचा हात थरथरू लागला. बशीत कप वाजायचा, म्हणून तो ग्लासातून चहा पिऊ लागला. घरात हे फक्त हसीनानं ओळखलं. "अब्बा, डॉक्टरला दाखवू ना," ती म्हणाली, तर हा तिच्यावरच खेकसला, "काय झालंय मला? गप बस."

मागच्या वर्षीच्या आखाडातली गोष्ट. कमरोद्दीननं मला रीतसर धार लावून ठेवली होती. त्याचा मुलगा अबुजर एमआयडीसीत कामाला जातो. त्या सकाळी घरी नवीन वॉशिंग मशीन आलं. खोक्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काही तुटेनात, तेव्हा या पठ्ठ्यानं मला उचललं आणि कराकरा कापल्या. पुसून जागेवर ठेवलं, पण कुणाला सांगितलं नाही. तासाभरात कमरोद्दीन मला घेऊन सारजाबाईंच्या अंगणात गेला.

पाहुणे भोवती उभे होते. नखावर धार पाहायची तर हात सगळ्यांसमोर स्थिर धरावा लागतो. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि अंगठा तसाच मुठीत मिटून घेतला. मी मनातल्या मनात किंचाळत होते, अरे बाबा, आधी मला पारख! पण सुरीचं कोण ऐकतं? एका फेऱ्यात झालं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसरा फेरा द्यावा लागला. त्या कोंबडीचं ओरडणं मी जन्मात विसरणार नाही. सारजाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मी बोथट होते, कबूल. पण सगळं पाप माझ्या माथी मारू नका. नखाला एकदा टेकवली असती तरी मी खरं सांगितलं असतं.

घरी येताच कमरोद्दीननं मला फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं. वर्षभर मी तिथं धूळ खात पडले. फार राग यायचा मला. काम करून झिजले असते तर चाललं असतं.

यंदाच्या आखाडात सारजाबाई स्वतःच आल्या. काखेत कोंबडी होती.

"कमरूभाऊ, लेक-जावई यायलेत. तुम्हीच करा."

"हात राहिला नाय माझा. दुकानात द्या."

"दुकानवाल्यानं मागल्या खेपेला पायाला धरून उलटी नेली. गल्लीभर वरडत होती. जावयाला पिठलं घालीन, पण तिथं द्यायची नाय मी."

तेवढ्यात हसीना ओट्यापासून पुढं आली. "अब्बा, मी करते."

अबुजर दचकलाच. "बायका कुठं कापतात का? लोक काय म्हणतील?"

"मागच्या साली लोक उभेच व्हते की," म्हातारा म्हणाला. "काय केलं त्यांनी? आन् मनाई आपल्या धर्मात नाय, लोकांच्या तोंडात हाय. बेटा, काढ ती सुरी."

हसीनानं मला घरामागं नेलं आणि दगडावर धरलं. बराच वेळ घासून नखावर टेकवलं. मी घसरले. ती पुन्हा बसली. भिंतीपलीकडं बायका जमल्या, कुजबुज सुरू झाली. अबुजर येऊन म्हणाला, "झाली की आता! किती वेळ लावायलीस?"

"टोकाला घसरायली अजून," ती म्हणाली आणि मान वर न करता घासत राहिली. शाब्बास गं माझी बाई! तिसऱ्या वेळी मी नखात रुतले, तेव्हाच ती उठली.

तिनं कोंबडीला पाणी पाजलं, मांडीशी घेतलं, पिसांवरून हात फिरवला. "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." मी एकदाच फिरले. पंख थोडे फडफडले, आवाज मात्र नाही. कोंबडी निपचित होईपर्यंत हसीनानं तिला धरून ठेवलं. मग मला बाजूला ठेवलं, आणि तिला रडू फुटलं.

कमरोद्दीन खाटेवरून उठला. थरथरता हात त्यानं या खेपेला लपवला नाही. भिंतीपलीकडच्या बायकांनाही ऐकू जाईल असं तो बोलला, "सारजाबाई, मागच्या साली माझा हात असाच थरथरत व्हता. लोकांना दिसंल म्हणून मी सुरी पारखली नाय. तुमच्या कोंबडीला तरास माझ्यामुळं झाला."

"मला ठावं होतं भाऊ," सारजाबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी बोलताय, हेच बघत होते."

आता मी हसीनाची सुरी आहे. गावात तोंडं वाकडी करणारे करतात, त्यांना मी भीक घालत नाही. मित्रांनो, कोंबडी खायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. खाणार असाल तर ती कशी मेली हे विचारायची हिंमत ठेवा. आणि माझी मूठ धरायची असेल तर नुसत्या बाह्या सरसावून येऊ नका. "आज माझ्याच्यानं होत नाही" एवढं चारचौघांत ज्याला म्हणता येत नाही, त्यानं मला शिवू नये.