मोठ्याने वाचलेला इशारा

आमच्या प्रार्थनाघरात धर्मग्रंथ वर्षभरात क्रमाने वाचून काढतात. दर आठवड्याला एकेकाची पाळी. आशीर्वादांचा भाग आला की वाचायला झुंबड उडते. आज्ञा मोडणाऱ्याचं काय होईल, तो भाग आला की मात्र सगळ्यांचे घसे एकदम बसतात. ते शब्द तोंडातून काढले की आपल्यालाच लागतात, अशी समजूत. म्हणून तेवढा भाग पुटपुटत, घाईघाईने उरकायची रीतच पडली आहे. देवाला भ्यायचं तेही चोरून!

बायको वारल्यापासून हा भाग चष्म्यांचं दुकान चालवणारा आमचा चष्मेवाला वाचतो. त्याच्याकडे आता गमवायला काही उरलं नाही, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यानेही कधी नाही म्हटलं नाही.

या वर्षी त्याने रीत मोडली. एकेक शब्द खणखणीत वाचला. आयांनी पोरांचे कान झाकले. ‘विसाव्याच्या दिवशी जो काम करील, त्याचं घर मी रिकामं करीन,’ या ओळीवर तो अडखळला, आणि तीच ओळ त्याने पुन्हा वाचली.

तिथला उपदेशक माझा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून त्याचं घर मी सांभाळते. संध्याकाळी त्याने चष्मेवाल्याला घरी बोलावलं. मी चहा ठेवला.

“काका, आज काय झालं?” भावाने विचारलं.

चष्मेवाला अंगठ्याने कपाची कड पुसत बसला. “ती म्हणाली होती, विसाव्याचा दिवस आहे, आज तरी दुकान उघडू नका. एका गिऱ्हाइकाची काच बसवायची राहिली होती. म्हटलं, आत्ता जातो न् येतो. आलो तर ती मोरीपाशी पडलेली.” त्याने कप खाली ठेवला. “तो इशारा माझ्यासाठीच आहे ना? नीट समजावून सांगा.”

समजावून सांगा म्हटलं की आमच्या बंधूंना स्फुरण चढतं. पण त्या दिवशी तो अगदी हळू बोलला. म्हणाला, तो इशारा एकट्यादुकट्यासाठी नाही, सगळ्या समाजासाठी आहे. चाकराला विसाव्याचा दिवससुद्धा न देणारी माणसं शेवटी एकमेकांना पारखी होतात, एवढाच त्याचा अर्थ. देव दबा धरून बसत नाही. काकूंच्या डोक्यातली नस फुटली, तुम्ही घरी असता तरी त्या वाचल्या नसत्या, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. “तुमचा काही दोष नाही, काका.”

इतकं चांगलं तो प्रार्थनाघरात कधी बोलला नव्हता. मला वाटलं, सुटला बिचारा.

चष्मेवाल्याचा चेहरा मात्र उतरला.

“म्हणजे मी दुकान उघडलं, त्याचा काही संबंध नाही?”

“काही नाही.”

“ती अशीच गेली?”

भावाने होकारार्थी मान हलवली.

“मला वाटायचं, देवाचं माझ्याकडे लक्ष आहे. रागाने का होईना.” चष्मेवाला माझ्याकडे वळला. “ताई, घरी गेलो की मी त्याच्याशी भांडायचो. मग माफी मागायचो. मग परत भांडायचो. तेवढंच काय ते बोलणं होतं घरात. आता कोणाशी बोलू?”

भाऊ ग्रंथ उघडून दुसरं काहीतरी शोधायला लागला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. चष्मेवाला उठला. “चहा छान झाला होता,” म्हणाला. कप तसाच भरलेला होता. तो सावकाश जिना उतरून गेला.

“माझं काही चुकलं का गं, ताई?”

“नाही. सगळं बरोबर सांगितलंस,” मी म्हटलं. मला त्याचा रागही आला आणि दयाही. “त्याच्या घरात तेवढा देव होता, तो बाहेर काढलास.”

भाऊ तसाच अनवाणी त्याच्यामागे धावला. बऱ्याच वेळाने एकटाच परत आला.

“दार वाजवलं. उघडलं नाही,” तो म्हणाला. “खिडकीतून दिसले. दिवा लावून खुर्चीत बसलेत.”

“भांडतायत का?”

“नाही गं,” तो म्हणाला. “गप्प बसलेत.”