बांधाकडेची वीस रोपं

माझ्या भावाच्या शेतात त्या सकाळी दोनशे माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे नाचणीच्या एका रोपावर होते. आपण भारून दिलेल्या बियांच्या बांधाकडेच्या ओळीतून दाणेमहाराजांनी ते मुळासकट उपटून डोक्यावर धरलं होतं. आठ फुटवे, प्रत्येकावर मुठीएवढं कणीस, एकेका कणसाला सात-आठ बोटं. मागच्या अख्ख्या शेतात कणसं पाच बोटांची होती, तीही अंग चोरून उभी.

"दाण्यात प्राण, प्राणात प्रकाश, प्रकाशात कोण?" महाराजांनी विचारलं.

"तुम्ही," लोक म्हणाले.

मग आज्ञा झाली. घरातलं जुनं बी शापलेलं आहे, एक दाणाही मागे ठेवू नका, उभ्या पिकातलंही बियाला धरू नका. ट्रॉलीत टाका आणि भारलेल्या बियांची पुडी घेऊन जा. ट्रॉली अर्धी भरली होती आणि आमच्या आईच्या बियांचं पोतं तिच्यात सगळ्यात वर होतं.

बियाणे केंद्रात पंचवीस वर्षं मी नाचणीचे फुटवे, बोटं आणि दाण्यांचं वजन मोजते आहे. इथले लोक मला 'बोटमोजी' म्हणतात. केंद्राच्या आवारातच एका खोलीत राहते आणि दिवसाकाठी माणसांपेक्षा कणसांशीच जास्त बोलते. आमच्या साडेतीनशे वाणांत आईच्या बियांइतकं पाण्याचा ताण सोसणारं एकही नाही. केंद्रातला त्याचा नमुना जुना होऊन उगवेनासा झाला होता. नवा मागायलाच मी आले होते. ती आज्ञा पाळली गेली असती तर ते बी जगातून गेलं असतं.

मी गर्दीतून पुढे घुसले आणि महाराजांच्या हातातलं रोप जवळून पाहिलं. त्याची पेरं जांभळी होती. हा रंग बियातूनच येतो. खत घाला नाहीतर मंत्र घाला, हिरव्या पेराचं जांभळं होत नाही. बांधाकडेच्या भारलेल्या ओळीत बहुतेक रोपं हिरव्या पेरांची होती. जांभळी पेरं आमच्या आईच्या बियांची.

"दादा, पुडीतलं बी पुरलं होतं का रे?" मी विचारलं.

"बाई, शंका ही कीड आहे," महाराज म्हणाले.

"असू दे. आधी त्याला बोलू द्या."

दादाची मान खाली गेली. "नाही पुरलं. रोपं बाराच झाली. ओळ वीसची भरायची आज्ञा होती. मग आठ घरच्या बियांची लावली. कोप होईल म्हणून बोललो नाही."

महाराजांनी सगळ्यांना ओळ बांधाच्या कडेलाच लावायला सांगितली होती. दोन रोपांत हातभर अंतर, बुंध्याशी मूठभर खत. उरलेलं शेत मात्र नेहमीसारखं दाटीवाटीनं. कडेच्या रोपाला उजेड, जागा, अन्न सगळंच जास्त मिळतं, ते माजणारच. म्हणून केंद्रात आम्ही कडेच्या ओळी मापात धरतच नाही.

शेजारच्या काकूंना मी फुटवे मोजायला लावले. हिरव्या पेरांना पाच-सहा, जांभळ्यांना सात-आठ.

"म्हणजे घरचंच बी वरचढ?" काकूंनी विचारलं.

"आठ रोपांवरून तसं म्हणता येणार नाही. पण मागे पाच बोटांवर अडलेलं बीही हेच आहे. फरक जागेनं पडला."

महाराज डगमगले नाहीत. "भक्ताच्या श्रद्धेनं घरचं बीही भारलं गेलं."

"मग ते नेता कशाला?" काकू म्हणाल्या. "राहू दे की इथेच."

लोक हसले. काहींनी आपली पोती उतरवली, दादानं आमचंही. बाकीच्यांनी माझ्याकडे न बघता पुड्या घेतल्या. ट्रॉली गेली आणि आमचं पोतं मधे ठेवून आम्ही भाऊ-बहीण बांधावर बसलो.

"मला ठाऊक होतं गं," दादा म्हणाला. "लावणी मीच केली, मला नाही कळणार? पण तुझी वहिनी गेल्यावर दर आठवड्याला माझ्या दाराशी येऊन बसणारा हा महाराज एकटाच. तुझं मात्र नुसतं केंद्राचं पत्र आलं. त्यात बियांचा नमुना मागितला होतास."

मला फार लाज वाटली. पत्र माझंच होतं.

कुणी भारलेलं बी देऊ केलं, तर ते घरच्या बियाशेजारी लावा. तेवढंच अंतर, तेवढंच खत, कडेला नाही, शेताच्या मध्यावर. मग मोजा. जो मोजू देत नाही त्याचं काही घेऊ नका. आणि आम्हा मोजणाऱ्यांना माझं सांगणं असं, की फसलेल्या माणसाला शहाणं करायला जाण्याआधी एकदा नुसतं भेटायला जा.

त्या दिवशी मी मुक्काम केला. स्वयंपाक दादानं केला. एकाचाच अंदाज हाताला बसलेला, त्यामुळे दोघांना पुरला नाही. मग त्यानं पुन्हा चूल पेटवली.