उरलेली नऊ मिनिटं

"दादा, हात काढा. दुसरी आजारी बाई यासाठी सकाळपासून खोळंबलीय," ऑक्सिजनचं मशीन परत न्यायला आलेला माणूस म्हणाला.

दादाने मशीनवरचा हात काढला नाही. "नऊ मिनिटं चालू ठेवू या. पाया पडतो तुमच्या."

दिवसभर दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन गिटार, ड्रम, आरडाओरडा सगळं एकट्यानेच रेकॉर्ड करायचं, हा या गड्याचा संसार. संगीत इतकं जड आणि संथ, की एक सूर वाजला की दुसरा येईपर्यंत माणसाने चहा पिऊन यावा. ऐकणारे जगभरात अकरा. बारावी आई, तीही नाइलाजाने, कारण खोली एकच. तिचं मशीन बंद करता येत नव्हतं, म्हणून त्याने गिटारची जाड तार मशीनच्या घरघरीला जुळवली. दोन वर्षांतली सगळी गाणी त्या घरघरीवरच उभी राहिली. शेवटचं गाणं अर्ध्यावर असताना आई म्हणाली होती, "तुझी ही रेकणारी म्हैस बांध आता. उरलेलं उद्या." तो उद्या काही आला नाही. त्याला बारा दिवस झाले. मशीन पुन्हा सुरू करायचा धीर झाला नाही; त्याच्याशिवाय उरलेली नऊ मिनिटं वाजवून पाहिली, तर घरघर मध्येच तुटायची आणि गाण्यात आई मरताना ऐकू यायची. ते त्याला सहन होत नव्हतं.

"नऊ म्हणजे नऊच," माणूस म्हणाला आणि दारातच टेकला.

मशीन सुरू झालं. उशीवर रिकामी नळी फुसफुसू लागली. त्याने माइक लावला, तार छेडली. खिडकीची काच थरथरली. पहिला सूर. दुसरा. तिसऱ्याआधीच्या लांब शांततेत आई नेहमी खोकायची आणि विचारायची, "झालं का रे?" तो वाट बघत राहिला. कोणी खोकलं नाही. पुढचा सूर वाजवायला हात उचलेचना.

पाचव्या मिनिटाला त्याने गिटार स्पीकरला टेकवली, मशीन बंद केलं, नळी नीट गुंडाळली. "चला. बाई वाट बघत असतील. राहू द्या, मीच उचलतो."

दोघे जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर माणूस थबकला. वरून तीच घरघर येत होती.

"अहो, मशीन तर तुमच्या हातात आहे. मग वर काय चालू राहिलंय?"

"गिटार," तो म्हणाला. "स्पीकरला टेकली की आपोआप घुमते. माइकही चालूच राहिला."

मशीन छातीशी धरून तो पायरीवर बसला. माणसाने घड्याळ पाहिलं आणि तोही शेजारी टेकला.

"बसा. नऊ झाली नाहीत अजून."