बरोबरची खूण

"आई, वर्ष कोणतं चालू आहे?" सिस्टरने विचारलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं, मग लाजून हसली.

हाडांच्या वॉर्डात सिस्टरला अठ्ठावीस वर्षं झाली होती. खुब्याचं हाड मोडून कुणी आलं, की ऑपरेशनआधी तिचा फॉर्म ठरलेला: वय, रक्त, जुने आजार आणि स्मरणशक्तीचे दहा प्रश्न. ऑपरेशननंतर महिनाभरात हा माणूस जाण्याचा धोका किती, ते त्या सगळ्याच्या बेरजेवरून कळायचं. धोका जास्त निघाला तर आयसीयूत खाट, नाहीतर साधा वॉर्ड. अर्धा गुणही ती कुणाला फुकट देत नसे. पाठीमागे सगळ्या नर्स तिला हेडमास्तरीण म्हणत. आपल्या माणसाचा फॉर्म आपण भरायचा नाही, हा नियमही तिनेच घालून दिलेला.

पण त्या सकाळी तिची स्वतःची आईच खुबा मोडून खाटेवर होती. दुसरी नर्स फॉर्म घेऊन आली, तेव्हा हिने तो तिच्या हातातून काढूनच घेतला. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ असलेली बाई. ती आता साधं वर्षही विसरते, हे चारचौघांत उघडं पडायला नको होतं. दहातली दोनच उत्तरं जमली. सिस्टरने दहाही प्रश्नांवर बरोबरची खूण केली. आईची लाज राखली, एवढंच तिच्या मनात होतं. बेरजेचं तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि ही बाई जन्मभर बेरजा करत आलेली.

धोका कमी निघाला. ऑपरेशन छान झालं, आई साध्या वॉर्डात आली. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या फिरत असताना, तिचा श्वास अडला. सिस्टर चार खाटा पलीकडे कुणाला तरी सलाईन लावत होती. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आठवड्याने ती कामावर आली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत. काय केलं ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. कुणीतरी आपल्याला चांगलं खडसवावं, असं तिला मनापासून वाटत होतं. डॉक्टर मात्र नुसतेच पेनाशी चाळा करत राहिले.

"आयसीयूत असत्या तरी वाचल्याच असत्या असं नाही, सिस्टर."

"गेलीच असती असंही नाही ना, डॉक्टर?"

तिने तो फॉर्म मागितला. आता काय उपयोग, असं म्हणत त्यांनी तो काढून दिला.

खुर्चीच्या कडेवर बसून ती एकेक खोटी खूण खोडत गेली, शेजारी सही करत गेली. वय, वर्ष, वेळ, पत्ता. शेवटचा प्रश्न होता, समोरचे डॉक्टर आणि नर्स ओळखता येतात का. त्या सकाळी डॉक्टर खाटेशी डोकावले होते आणि आईने त्यांना चटकन ओळखलं होतं. मग सिस्टरने स्वतःकडे बोट दाखवलं, तेव्हा आई म्हणाली होती, "ह्या इथल्या नर्सबाई. फार मायाळू आहेत हो."

सिस्टरला रडू आवरेना. पण नियमाप्रमाणे उत्तर बरोबर होतं. ती खूण तिने तशीच राहू दिली.