पारीच्या कोंडावरची खोपी

मित्रांनो, रोह्याहून डोंगराकडे येणारी एसटी जिथून माघारी फिरते, तिथून तासभर पायवाट चढून आलात की ओढ्याच्या काठावर मी तुम्हाला दिसेन. मी एक जुनी लाकडी खोपी आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर कौले, एवढाच माझा पसारा. ओसरीसमोर ओढा रुंद होतो आणि त्याचा खोल डोह बनतो. इकडे अशा डोहाला कोंड म्हणतात. पन्नासहून जास्त वर्षे मी या कोंडाकडे तोंड करून उभी आहे. मला कुणी सांभाळले आणि कुणासाठी मी अजून टिकून आहे, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म डोंगरातला नाही. माझ्या फळ्या पूर्वी एका मचव्याच्या होत्या. तो मचवा धरमतरच्या खाडीतून मीठ वाहून न्यायचा. तो जुना झाला तेव्हा कान्हू पाटील नावाच्या माणसाने त्याचे लाकूड विकत घेतले. कान्हू खाडीकाठच्या गावचा, मिठागरात काम करून मोठा झालेला. त्याला मासे धरायचा नाद होता. खाडीतले मासे त्याने लहानपणापासून धरले होते, पण गोड्या पाण्यातली मरळ गळाला लागली की हाताला जी ओढ बसते, तिची गोडी त्याला रोह्याच्या सासुरवाडीला लागली. सासऱ्याने डोंगरउतारावरची थोडी वरकस जमीन त्याच्या नावावर करून दिली. तिथे चार दिवस राहता येईल असे काहीतरी बांधायचे त्याने ठरवले.

पेणचा नाथा सुतार माझ्या फळ्या तासायला आला. त्या फळ्यांत इतके मीठ मुरले होते की त्याचा रंधा सारखा बोथट व्हायचा. तो कुरकुर करत काम करी, पण खिडक्या त्याने अशा बसवल्या की आत निजलेल्या माणसालाही कोंड दिसावा. ते साल एकोणीसशे एकोणसत्तर होते.

जवळच कातकऱ्यांची वाडी आहे. तिथला भिकू आणि त्याची नवी बायको पारी माझी लाकडे खालून वर वाहून आणायला होती. काम संपल्यावर कान्हूने किल्ली भिकूच्या हाती दिली. भिकूने ती पारीला दिली. म्हणाला, मी रानात असतो, हिलाच कोंडाची माहिती जास्त. ते खरे होते. पारी पाण्यावरचे बुडबुडे बघून खाली वाम आहे की मरळ, हे सांगायची. दगडाखाली हात घालून खेकडा असा काढायची की त्याला नांगी उघडायला वेळ मिळत नसे.

पुढची अठरा वर्षे माझ्या सुखाची. आधी कान्हूचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. रोह्याला कारखाने निघाले तसे शिफ्टवर काम करणारे लोक सुट्टीला बायकामुलांना घेऊन येऊ लागले. आठवडाभर भोंगा ऐकून आलेली ही माणसे पहिल्या दिवशी मोठ्याने बोलायची. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. पारी त्यांना गळाला गांडूळ लावायला शिकवी, मासा ओढायला लागला की घाई करू नका म्हणून सांगी. मिळालेल्या माशाला हळद-मीठ लावून, पळसाच्या पानात गुंडाळून ती निखाऱ्यात ठेवी. सोबत तांदळाची भाकरी. माझ्या ओसरीवर बसून ते जेवलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्या चेहऱ्यांनीच मला डोंगरातली केली, असे मी समजते.

पारीचा एक नियम होता. मरळीची पिल्ले लालसर असतात, पाण्याच्या वरच्या अंगाला थव्याने फिरतात आणि आईबाप खालून त्यांची राखण करत असतात. तशा वेळी मरळीला गळ लावणे अगदी सोपे, कारण ती पिल्लांना सोडून जात नाही. पारी त्या दिवसांत मरळीला कुणालाच हात लावू देत नसे. कान्हूलाही नाही.

मग कान्हूचे गुडघे गेले. त्याला चढण जमेना. त्याने माझा कारभार पुतण्याकडे, मोरूकडे, सोपवला. मोरू वाईट माणूस नव्हता, पण त्याला मोठ्या लोकांची मर्जी सांभाळायची फार हौस होती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या चैत्रात मोरूचे चार पाहुणे आले. ओढा आटत आला होता आणि उरलेले सगळे मासे कोंडात गोळा झाले होते. सकाळी पारी चहा ठेवायला आली तेव्हा त्यांच्यातला एक जण पिशवीतून सुरुंगाच्या कांड्या काढत होता. गळ टाकून दिवसभर कोण बसणार, असे त्यांचे म्हणणे. एक बार उडवला की टोपल्या भरतील.

पारीने त्यांना आधी नीट सांगितले. या पाण्यात बार उडवला तर मोठ्या माशांबरोबर पिल्ले मरतील, अंडी मरतील, आणि वाडीतली माणसे हेच पाणी पितात. ते हसले. एकाने तिला बाजूला हो म्हटले. तेव्हा तिने हातातले पातेले माझ्या पायरीवर ठेवले, लुगडे खोचले आणि चालत कोंडात गेली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

"मी हितंच हाय," ती म्हणाली. "आता टाका."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो मला स्पष्ट आठवतो. कांडी हातात असलेला माणूस तिच्याकडे बघत राहिला. मित्रांनो, मला हातपाय नाहीत याचे दुःख मला त्या सकाळी जेवढे झाले तेवढे कधी झाले नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती पाण्यात उभी होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता. शेवटी ते चौघे शिव्या देत, सामान आवरून खाली उतरले.

दोन दिवसांनी मोरू आला. पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून तो संतापला होता. पारी सांगत होती, तो ऐकत नव्हता. तिने किल्ली माझ्या खिडकीत ठेवली आणि ती गेली. त्या पावसाळ्यानंतर भिकू आणि पारी लेकीला, सरूला, घेऊन पेणकडच्या वीटभट्टीवर कामाला गेली. वाडीत दुसरे काम नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात तेच पाहुणे परत आले. यावेळी पाण्यात कुणी नव्हते. बार उडाला तेव्हा माझी कौले निखळून पडली. पांढरी पोटे वर करून मासे तरंगले. मोठे त्यांनी वेचून नेले आणि लहान तिथेच सोडले. आठ दिवस त्या वासाने वाडीतली माणसे पाण्याला फिरकली नाहीत.

त्यानंतर मासाच नाही, म्हणून पाहुणेही येईनासे झाले. मोरूने माझ्याकडे पाठ फिरवली. वाळवी लागली. ओसरीचा एक खांब कुजला, आतल्या खोलीत रानडुकरांनी घर केले. मी कोंडाकडे बघे, तर पाणी होते पण त्यात काही हलत नव्हते. रिकामी खोपी आणि रिकामे पाणी समोरासमोर. दोन वर्षे अशी गेली.

पुढे काय झाले ते मला नंतर ओसरीवरच्या बोलण्यातून कळले. कान्हूला घराच्या दुरुस्तीसाठी विटा हव्या होत्या. बघायला म्हणून तो काठी टेकत भट्टीवर गेला, तर डोक्यावर विटा घेऊन पारी समोरून येत होती. तू इथे कशी, मग खोपीवर कोण आहे, असे त्याने विचारले. मोरूने त्याला सगळे ठीक आहे म्हणून सांगितले होते. पारीने विटा उतरवल्या आणि झालेले सगळे सांगितले. कान्हू तिथेच विटांच्या ढिगावर बसला. विटा न घेताच घरी गेला.

भट्टीचा हंगाम संपल्यावर तो रोह्याला आला. एसटीपासून तासाभराची वाट त्याने सकाळपासून दुपारपर्यंत चढली. भिकूने त्याला आधार दिला होता, मागून सरूचा हात धरून पारी येत होती. माझ्या खांबावरून त्याने हात फिरवला. कोंडाकडे बघून मात्र त्याने डोळे पुसले. मग कुजक्या ओसरीवर बसून म्हणाला, "पारी, चूक माझी हाय गो. किल्ली तुला दिली होती, राखण दुसऱ्याला सांगितली."

पारी पाण्याकाठी जाऊन, वाकून, बराच वेळ बघून आली.

"मी येतंय परत," ती म्हणाली. "पन तीन वर्सं हितं कोनी गळ टाकायचा नाय. तुमी पन नाय, दादा."

कान्हू तेव्हा सत्तरीच्या पुढचा होता. तीन वर्षे म्हणजे त्याच्यासाठी काय, हे पारीला कळत होते आणि त्यालाही. त्याने मान हलवली.

त्याने माझा खांब बदलून घेतला, कौले आणली. मला आणि माझ्याखालची जमीन पारीच्या नावावर करायचा कागद केला, आणि मोरूला समोर बसवून तो वाचायला लावला. पारी वरच्या कोंडांतून मडक्यात घालून जिवंत मासे आणी आणि इथे सोडी. भिकू वाडीतल्या माणसांना इथे गळ टाकू नका म्हणून सांगून येई. कान्हू वर्षातून दोनदा कसाबसा चढून यायचा, ओसरीवर बसायचा आणि गळ न टाकता दिवसभर पाणी बघायचा. दुसऱ्या वर्षी त्याला लाल पिल्लांचा थवा दिसला. त्याने पारीला हाक मारली, आणि दोघे कितीतरी वेळ तो बघत उभे होते. त्याला माझ्या ओसरीवर मी एवढे खूष कधी पाहिले नव्हते, मासे धरताना सुद्धा नाही.

तिसरे वर्ष संपायला चार महिने राहिले असताना कान्हू गेला.

मुदत संपली त्या दिवशी सकाळी मोरू आला. एकटाच आला. काकाची गळाची काठी हातात होती. तो पायरीच्या खाली थांबला, वर येईना. काका गेल्यापासून झोप लागत नाही, असे काहीतरी तो जमिनीकडे बघत बोलला. पारीने त्याच्याकडे पाहिले, मग काठीकडे. आत गेली आणि करवंटीत गांडुळे घेऊन आली.

"नीट लाव," ती म्हणाली. "घाई करू नको."

त्या दिवशी कोंडातला पहिला गळ मोरूने टाकला. संध्याकाळपर्यंत त्याला एक वाम मिळाली. ती पारीने पानात भाजली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ली.

आता भिकू नाही. मोरू म्हातारा झाला आहे, पण दर वर्षी कौले परतायला येतो. पाहुण्यांचे सगळे सरू बघते. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ती मागच्या टेकाडावर चढते आणि तिथून लोकांना यायच्या तारखा सांगते. पोटापुरते धरायचे आणि उरलेले पाण्यात सोडायचे, हे ती आधीच बजावते. न पटणाऱ्याला तारीख मिळत नाही.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. कधीतरी मला वाळवी खाईल, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. ज्यांनी मला बांधले, पुन्हा उभे केले आणि माझ्यासमोरचे पाणी जिवंत ठेवले, त्यांच्या ऋणातच मी उभी आहे. तुम्ही डोंगरात जाल तेव्हा तिथल्या पाण्याला असेच सांभाळा. त्याची राखण करणारे कुणीतरी जवळपास असतेच, त्याला आधी शोधा.

आणि माझ्याकडे आलात, तर पाण्यात पाय घालण्याआधी पारीला विचारा. ती ओसरीवर बसलेली असते. हल्ली तिला कमी दिसते, पण कोंडात कुठे मरळीची पिल्ले आहेत, ते तिला अजून ठाऊक असते.