सार्थकदादा

मल्हारी सरांच्या कराटे क्लासचा एकच कायदा होता, पट्टा मोठा तो माणूस मोठा. सातपूरच्या एका कॉलनीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी क्लास भरायचा. कंपनीतली पहिली पाळी संपवून सर येत आणि मुलांना पट्ट्यांप्रमाणे रांगेत उभं करत. पुढं वरचे पट्टे, सगळ्यात मागं पांढरे. आपल्यापेक्षा वरच्या पट्ट्याला दादा किंवा ताई म्हणायचंच, मग वय काहीही असो. शिस्तीला वय नसतं, असं सर ऐटीत सांगत आणि पालक माना डोलावत. पालकांना शिस्त नेहमीच आवडते, विशेषतः दुसऱ्यानं लावलेली.

या कायद्यानं आठ वर्षांचा सार्थक सगळ्यांचा दादा होऊन बसला होता. पोरगं होतंच तसं गुणी. कळायला लागल्यापासून शिकत होतं, कमरेला निळा पट्टा होता, आणि त्याची लाथ बघायला मोठी मुलंही थांबत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं त्याचे वडील नवनाथ भेटेल त्याला सांगत आणि मोबाईल काढून व्हिडिओ दाखवत. सरांचीही भिस्त त्याच्यावरच होती, कारण स्पर्धेत क्लासचं नाव निघायचं ते त्याच्यामुळं. सार्थक स्वतः मात्र क्लासमध्ये कधी हसायचा नाही. शाळेत त्याच्याच बाकावर बसणारी वेदिकासुद्धा इथं त्याला वाकून नमस्कार करायची आणि मधल्या सुट्टीत लांबूनच जायची. दादाबरोबर डबा कोण खाणार?

मग पूजा आली. तेरा वर्षांची, दिंडोरीकडची. आईवडील द्राक्षाच्या बागेत कामाला, आणि ही शिकायला मावशीकडे. पट्टा अर्थातच पांढरा. त्यामुळं सहा-सात वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांत ती भुईमुगात उगवलेल्या ज्वारीसारखी उभी असायची. एका पालकानं तर तिला विचारलं, मुलांना सांभाळायला ठेवलंय का तुला? तेही पोरीनं हसण्यावारी नेलं. पण एका संध्याकाळी तिची लाथ चुकली, आणि चुकलेल्याला वरच्या पट्ट्यानं शिक्षा करायची या नियमाप्रमाणे सार्थकनं तिला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या. तिनं मुकाट्यानं काढल्या, "थँक यू, सार्थकदादा" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

चार दिवस वाट पाहून सर तिच्या मावशीकडं गेले. बायडाबाईंनी चहा ठेवला. पूजा आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. सरांनी शिस्तीचं पुराण सुरू केलं, ते बायडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, पोरगी कष्टाला लाजत नाय," त्या म्हणाल्या. "पन तिचा धाकटा भाऊ त्या पोराएवढाच हे. सकाळी ती त्याला फोनवर अभ्यास कर म्हनून दटावते, आन् संध्याकाळी तेवढ्याच पोराला दादा म्हनून वाकते. ते तिला नाय जमत."

सरांना चहा गोड लागला नाही. इतकी वर्षं शिस्त म्हणून जे मिरवलं, त्यानं एका पोरीचा पाणउतारा झाला होता, हे त्यांना फार लागलं. घरी येऊन त्यांनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. सोमवारपासून दहा वर्षांपर्यंतची मुलं सहा वाजता, मोठी सात वाजता. पट्टे ज्याचे त्याच्याकडं राहतील, पण दादा-ताई म्हणायचं ते फक्त वयानं.

रविवारी सकाळीच नवनाथ दारात हजर. निळ्या पट्ट्याच्या मुलाला चिल्लर पोरांत बसवणार, म्हणजे दहावीच्या पोराला बालवाडीत घालण्यासारखं आहे, असं ते तावातावानं बोलले. बोलणं अगदीच खोटं नव्हतं. सार्थकचा स्पर्धेचा सराव वेगळा घेतो, असं सर म्हणाले. नवनाथांनी ते कानाआड केलं.

"उद्या येऊन तो कपाटातलं सामान घेऊन जाईल. दुसरे क्लास मेलेत का नाशकात?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सरांची गत झाली. ग्रुपवरचा तो मेसेज मागं घेतला असता तर सार्थक राहिला असता. त्यांनी मोबाईल हातात घेतला. मग त्यांना पूजाच्या उठाबशा आठवल्या आणि त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

सोमवारी सहाला लहान मुलांची साखळी चालली होती. पकडला गेला की हात धरून साखळीत यायचं, असा तो खेळ. अंग मोकळं करायला सरांनीच लावला होता. नवनाथ बाहेर स्कूटर चालू ठेवून थांबले आणि सार्थक खाली मान घालून कपाटाकडं निघाला. तेवढ्यात साखळी वळली आणि टोकाच्या वेदिकाचा हात त्याच्या पाठीवर पडला. खेळ जागच्या जागी थांबला. वेदिकाचा चेहरा उतरला.

"सॉरी, सार्थकदादा."

"दादा नाही आता," सर म्हणाले. "तुझ्याच वर्गातला आहे ना तो?"

वेदिकानं सरांकडं बघितलं, मग सार्थककडं, आणि हात पुढं केला.

"ए सार्थक्या, आउट झालास तू. चल की."

त्याला तिथं असं कुणी कधी हाक मारलीच नव्हती. त्यानं दाराकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, आणि वेदिकाचा हात धरून पळत सुटला.

थोड्या वेळानं नवनाथांनी स्कूटर बंद केली आणि ते दाराशी येऊन उभे राहिले. पोरगं धडपडत होतं, आउट होत होतं आणि खिदळत होतं. मोबाईल त्यांच्या खिशातच राहिला.

साताच्या सुमारास पूजा मावशीबरोबर आली. दारात बिचकली, कारण समोरच सार्थक, घामाघूम. सवयीनं ती वाकायला गेली, तर त्यानंच घाईनं तिचा हात ओढला.

"पूजाताई," तो धापा टाकत म्हणाला, "मी आज लई वेळा आउट झालो."